दुपारी ओलांडलेला नाला

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग काश्मीरमध्ये होती. कंपनीच्या पुढे एक छोटी पोस्ट होती. हिवाळ्यात आणि त्यानंतरही दोन महिने तिथे स्कीशिवाय जाता येत नसे. आठवड्यातून एकदा आमचं पेट्रोल तिथे औषधं, बॅटऱ्या आणि टपाल पोचवायचं. मी हवालदार होतो, पेट्रोल कमांडर. गाव यावल तालुक्यातलं. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो नोकरीत.

माझ्यासोबत नेहमी नाईक रावसाहेब बोरसे असायचा. तो शिरपूरकडचा. बाकीचे मला उस्ताद म्हणत, तो भाऊ म्हणायचा. दोघेच असलो की तो अहिराणीत बोलायचा आणि मी माझ्या यावलच्या बोलीत उत्तर द्यायचो. बाकीची पोरं हसत.

वसंतातल्या बर्फाचा नियम साधा आहे. पहाटे तो दगडासारखा असतो, स्की वरून सरकते. अकरानंतर ऊन लागून तो मऊ होतो आणि उतारावर थांबत नाही. म्हणून चार वाजता निघायचं, आठला पोचायचं, नऊला परत फिरायचं. पूर्ण सीझन मी हा नियम मोडला नव्हता.

त्या दिवशी आम्ही पाच जण आठ वाजून दहा मिनिटांनी पोस्टवर पोचलो. तिथला एक शिपाई बंकरमध्ये भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे, छातीत पाण्याचा आवाज. आमच्यासोबतच्या नर्सिंग असिस्टंटने त्याला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

"उस्ताद, फेफड़ों में पानी है. शाम तक नीचे नहीं गया तो नहीं बचेगा."

हेलिकॉप्टर मागितलं. खाली दरीत ढग होते. नऊ वाजले, दहा, अकरा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, वेट. साडेबाराला ऑक्सिजनचा शेवटचा सिलिंडर लावला. मी पुन्हा रेडिओवर गेलो.

"मौसम कब खुलेगा? ओव्हर."

"पता नहीं. ग्राउंड पर आप हो. फैसला आपका. ओव्हर."

मी म्हणालो, "निकल रहे हैं. आउट."

बारा पन्नासला आम्ही निघालो. आजारी शिपायाला स्लेजवर बांधलं होतं. दोघे पुढून ओढत, दोघे मागून दोर धरून. आमच्या डोक्यावर ढग नव्हता, नुसतं ऊन. जॅकेटं काढली, हातमोजे काढले. स्कीच्या तळाला ओला बर्फ गोळ्यांनी चिकटायचा. दहा पावलं टाकायची, थांबायचं, काठीने खरवडायचं, परत दहा पावलं. कधी पाय मांडीपर्यंत आत जायचा. स्लेज दोनदा उलटली. बुटात पाणी भरलं होतं. अर्ध्या वाटेवर रावसाहेब काठीवर वाकून उभा राहिला.

"भाऊ, हाई बरफ नही शे, गारा शे, निस्ता चिखल."

"अजून नाला ओलांडायचा आहे," मी म्हणालो.

"माले माहीत शे."

नाल्यावर दोन चाळीसला पोचलो. रुंदी शंभर पावलांच्या आसपास, वर उभा उतार. सकाळी आम्ही तो पाच मिनिटांत पार केला होता. आता वरून बर्फाचे छोटे गोळे घरंगळत येत होते. वरचा उतार कधीही सुटेल, हे मला कळत होतं. रावसाहेबलाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी स्लेजकडे पाहिलं. शिपायाचा श्वास दुरून ऐकू येत होता.

"आम्ही चौघे स्लेज घेऊन जातो," मी त्याला सांगितलं. "तू इथं थांब, वर नजर ठेव. आम्ही पार झालो की ये."

"जी भाऊ. मी येस मांगून."

आम्ही पार झालो. मी वळून हात केला. तो निघाला. मध्यावर आला तेव्हा वरच्या उतारावर बर्फ तडकल्याची एक आडवी रेघ उमटलेली मला दिसली. मी ओरडलो. त्याने वर पाहिलं आणि दोन्ही काठ्यांनी जोर लावला. स्की सरकेना. तो ढकलत होता आणि स्की सरकत नव्हती. उतार सुटून त्याच्यावर आला, पण आवाज फार झाला नाही. ओली माती ट्रॉलीतून ओतावी तसा.

ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो. आम्ही फावड्यांनी खणलं, फावडी वाकल्यावर हातांनी. तीन पन्नासला खालच्या दरीतले ढग फाटले. चार वाजून पाच मिनिटांनी हेलिकॉप्टर आलं आणि आमच्याच बाजूला टेकलं. आजारी शिपाई खाली गेला आणि वाचला. तेच हेलिकॉप्टर वर पोस्टवरही उतरलं असतं. आम्ही पोस्टवर बसून राहिलो असतो तरी.

रावसाहेब पाच वीसला सापडला. दोन्ही काठ्या हातातच होत्या.

चौकशी झाली. माझा दोष नाही असं लिहिलं गेलं. मी सही केली.

पेटीसोबत त्याच्या गावी मीच गेलो. सगळं गाव रस्त्यावर उभं होतं. अग्नी दिल्यावर त्याचे वडील, आबा, माझ्याजवळ येऊन बसले. मग विचारलं,

"भाऊ, दुपारना जावाना हुकूम कोना व्हता?"

मी म्हणालो, "वरून आला होता, आबा."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक शे. हुकूम व्हता ते जानंच पडे."

त्यानंतर दरवर्षी मी जात राहिलो. यावलहून चोपडा, चोपड्याहून शिरपूर. प्रत्येक वेळी बसमध्ये ठरवायचो की आज सांगायचं. आबा अंगणात खाट टाकून वाट पाहायचे, जेवू घालायचे, आल्यागेल्याला सांगायचे, हाऊ मन्हा रावसाहेबना उस्ताद शे. मी जेवायचो आणि न सांगताच परतीची बस धरायचो. मागच्या माघात आबा गेले. मी तिरडीला खांदा दिला आणि परत आलो.

नाईक रावसाहेब बोरसे, वय एकतीस. त्या नाल्यात त्याला थांबवणारा मी होतो, बोलावणाराही मीच. हुकूम माझा होता.