यादीत लिहायचा हक्क

संपात गिरणीतलं काम सुटलं तेव्हा शेवंता अठ्ठावीस वर्षांची होती. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. परत कामावर घेण्याआधी मुकादमाने माफीनाम्यावर सही मागितली. शेवंता म्हणाली, "चूक काय केली ते आधी कागदावर लिहा, मग सही करते." तो कागद कोणी लिहिला नाही आणि शेवंताही पुन्हा गेटच्या आत गेली नाही. तेव्हापासून अठरा वर्षं ती प्रभादेवीच्या एका छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालत होती.

मग घरांची गोष्ट निघाली. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं मिळावीत म्हणून लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर समिती उभी राहिली. यादी करायची होती: नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर. नियम एकच. कागदाचा पुरावा असेल त्याचंच नाव.

कुणीतरी जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्याला माऊस नव्हता, चित्रं नव्हती. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. पुरुषमंडळी दोन दिवस त्याच्यापुढे बसली आणि पुन्हा कॅरमकडे वळली. शेवंताने विचारलं, "मी बसू?"

शिकवायला फणसवाडीहून हेमचंद्र यायचे. आयुष्यभर कचेरीत कॉम्प्युटरवर बसून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी तिला दोनच अक्षरं दाबायला लावली, ls. पडद्यावर आतल्या फाइलींची नावं उमटली. मग cp, म्हणजे नक्कल. मग mv, म्हणजे हलवणं किंवा नाव बदलणं. rm शिकवताना मात्र ते थांबले. "हे पुसतं, शेवंताबाई. आणि विचारत नाही."

तिसऱ्या आठवड्यात तिने ते करून दाखवलं. rm पुढे चुकीच्या फाइलीचं नाव टाकलं आणि दुपारभर टाईप केलेली चाळीस नावं गेली. ती कपाळाला हात लावून बसली नाही. चाळीसच्या चाळीस पुन्हा टाईप केली. तेव्हापासून काम संपलं की फ्लॉपीवर नक्कल काढायची आणि फ्लॉपी घरी न्यायची, हे ठरून गेलं.

एकदा हेमचंद्रांनी ls -l दाबायला सांगितलं. प्रत्येक फाइलीच्या डाव्या बाजूला r आणि w अक्षरांची माळ आली. ते म्हणाले, "r म्हणजे वाचायची परवानगी, w म्हणजे लिहायची. पहिली तीन घरं मालकाची, म्हणजे फाइल बनवणाऱ्याची, मधली गटाची, शेवटची बाकी सगळ्यांची. तुमच्या यादीत बघा, w तिन्हीकडे आहे."

"म्हणजे कोणीही येऊन नाव घालेल?"

"घालेल. पुसेलसुद्धा."

तिने विचारून विचारून परवानगी बदलायचं chmod 644 टाईप केलं. माळ बदलली. वाचायला सगळे, लिहायला एकटी शेवंता.

आठवड्याभरात समितीचे सेक्रेटरी अप्पा तणतणत आले. "शेवंता, मला यादीत दोन अक्षरं टाकता येत नाहीत. माझ्या नावाने मशीन उघडलं की परवानगी नाही म्हणतंय. माझ्याच ऑफिसात मला परवानगी नाही?"

"वाचायला आहे की, अप्पा. नाव घालायचं तर माणूस पाठवा, हातात कागद देऊन."

अप्पांनी आवाज खाली आणला. "कुशाबाचं नाव नाही ना यात?"

कुशाबा तिचा नवरा. सांचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर, बारा वर्षं बदली कामगार. सगळे कागद वाळवीने खाल्लेले. आपल्या हाताने हजारभर नावं भरणाऱ्या शेवंताला त्याचं नाव भरता आलं नव्हतं.

"परवानगी खुली कर," अप्पा म्हणाले. "कुशाबाचं मी बघतो."

"नाय करणार."

"बाईमाणसाला मशीन दिलं, हीच चूक झाली."

"मग ती पण कागदावर लिहा," शेवंता म्हणाली आणि पुढचं नाव टाईप करू लागली.

सोमवारी ती आली आणि सवयीने ls -l दाबलं. मालक तीच, माळ तीच. पण तारीख शनिवारची! शनिवारी ती छापखान्यात होती. तिने हेमचंद्रांना बोलावून घेतलं.

"मशीनचा सगळ्यांत वरचा एक पासवर्ड असतो," ते म्हणाले. "त्याला कुठलीच परवानगी अडवत नाही. तो अप्पांकडे आहे."

फ्लॉपीवरची नक्कल आणि मशीनमधली यादी, दोन्ही समोरासमोर ठेवून तिने diff चालवलं. जिथे फरक तेवढंच पडद्यावर आलं. बारा नवी नावं. अकरा अनोळखी. बारावं कुशाबाचं.

तिला सगळं कळलं. हे नाव तिचं तोंड बंद करायला घातलं होतं.

रविवारी सभा भरली. शेवंता उठली आणि एकेक नाव वाचू लागली. "यांचा कागद कोणी पाहिलाय?" कोणी हात वर केला नाही. अकरा नावं झाली. समोर तिसऱ्या रांगेत कुशाबा बसला होता. तिने त्याच्याकडे बघत बारावं वाचलं. "यांचाही नाय. सगळी काढा."

सभेत आरडाओरडा झाला आणि बाराही नावं निघाली. अप्पा सेक्रेटरी राहिले, पण मशीनचा पासवर्ड बदलला. अर्धा शेवंताने टाकायचा, अर्धा समितीतल्या पुतळाबाईंनी, एकमेकींकडे पाठ करून. नवी यादी दर महिन्याला छापून चाळीच्या दारावर लागू लागली. ज्याला वाचता येईल त्याने वाचावी.

 त्या रात्री जेवताना कुशाबा म्हणाला, "बारा वर्षं सांचे चालवले मी. खोटं होतं ते?"

"खरं होतं. पण चोरून घातलेलं नाव खोटंच ठरलं असतं. उद्या कोणी बोट दाखवलं असतं, आणि तुमच्याबरोबर हजार जणांवर संशय आला असता."

"मग मी काय करू?"

"पुरावा शोधा. मी येते बरोबर."

दोघं भायखळ्यापासून परळपर्यंत गिरणीतल्या जुन्या जोडीदारांची दारं ठोठावत फिरले. कुशाबाचा कागद मिळाला नाही. त्या अकरांतले तिघे मात्र खरे निघाले, कामगार विम्याची जुनी कार्डं घेऊन आले, आणि शेवंताने त्यांची नावं रीतसर चढवली. नवऱ्याचं आजवर चढलेलं नाही. पस्तावलीस का, असं कोणी विचारलं तर ती मान वर करून सांगते, "लिहायचा हक्क माझ्याकडे होता. तो मी खरं तेवढंच लिहायला वापरला."