मी गाळलेलं प्रकरण

चौक गावच्या गॅरेजवाल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "मास्तर, दामूभाऊ चढावर सायकलवरनं उतरून बसले, ते उठलंच नाय... तुमी या." मी अर्ध्या दाढीने धावलो. दामू मैलाच्या दगडाला टेकून बसला होता आणि सायकल झाडाला नीट टेकवलेली होती. जरा बसू आणि निघू, असंच त्याला वाटलं असणार. या गोष्टीला आता दीड महिना झाला. शाळेपासूनचा मित्र असा दगडापाशी बसलेला पाहिल्यावर दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही.

साजगावच्या कारखान्यात पाळ्या करून हा माणूस खेळायचा. आधी कबड्डी. गुडघा गेला आणि डॉक्टरांनी कबड्डी बंद करायला सांगितली, तर हा पाताळगंगेत पोहायला लागला. गुडघा सुधारला तशी सायकल आली, मग धावणं, आणि पन्नाशीला टेकल्यावर तिन्ही एका दमात करायच्या शर्यती. "एका खेळात कोनी पयला नंबर देईना, म्हणून तीन धरलं रं," म्हणून हसायचा. निवृत्त झाल्यावर त्याने व्यायामाचं पुस्तक लिहिलं. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे वही माझ्याकडे आली. लाल पेन घेऊन मी ती घासूनपुसून काढली. छापील पुस्तकाच्या मागच्या पानावरचं 'दम लागला म्हणजे शरीर जागं झालं' हे वाक्य माझं. पुस्तक चाललं. नेरळच्या नव्या बिल्डिंगांतली माणसं सही घ्यायला त्याच्या दारात यायची आणि नेमकं तेच वाक्य म्हणून दाखवायची. मी मनातून फुगायचो, खोटं कशाला बोलू.

जायच्या दोन दिवस आधी तो माझ्या ओट्यावर येऊन टेकला. चहा नको म्हणाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. "मास्तर, आज चढावर लय दम लागला रं. रोजचाच चढ हाय..." मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हटलं, "मग शरीर जागं झालं म्हणायचं. तुझंच पुस्तक वाच." तो हसला. "माजं कुठं, तुजं हाय ते वाक्य," म्हणाला आणि सायकल काढली. त्याला तसाच हाताला धरून दवाखान्यात नेला असता तर... हा 'तर' काही पाठ सोडत नाही.

तेराव्यानंतर सुमनवहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. "भाऊजी, यांच्या कपाटात घावली. तुमची लाल शाई हाय, तुमीच ठेवा." एवढंच बोलल्या. त्यांनी ती वाचली होती का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. वहीतलं शेवटचं प्रकरण पुस्तकात नाही. त्याचं नाव 'थांबायचं कधी'. दामूच्या ओबडधोबड अक्षरात तिथे लिहिलंय, 'रोजच्या चढावर रोजच्यापेक्षा जास्त दम लागला तर सायकल वळवा. घरी नको, सरळ डॉक्टरकडे.' "एवढं ऱ्हाऊ दे रं," असं तो तेव्हा म्हणाला होता. थांबा सांगणारं पुस्तक विकत कोण घेईल, असं मी त्याला ऐकवलं होतं.

वही माझ्या टेबलावर असते आणि रोज त्याच पानावर उघडते. पानभर तिरपी लाल रेघ. समासात माझं वळणदार अक्षर, 'नाउमेद करणारे. गाळावे.' आणि त्याखाली पेन्सिलीने, त्याच्या हातचं, 'बरं, मास्तर.'