चिंगीच्या गोचिड्या

भिमाजी गांगुर्डे पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं शिपाई होता आणि तेवढ्या वर्षांत त्याने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. घरी उत्तरं द्यायला ठमाबाई होती. १९८२ च्या जूनमध्ये ती गेली. जाताना नवऱ्याबद्दल चकार शब्द नाही. "चिंगीला उपाशी ठेवू नका," एवढंच म्हणाली. चिंगी म्हणजे मांजर. छत्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं मांजरीचं! भिमाजीला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. तिच्या आठवणीसाठी केलेल्या पुण्यानुमोदनाला सगळी वसाहत रडली, हा सतरंज्या झटकत होता.

चिंगीशी त्याचं कधी जमलंच नाही. तो दूध-भाकरी ठेवायचा, त्याची पाठ वळली की ती खायची. असे दहा महिने गेले. मग चैत्रात तिने शेजारच्या गोठ्यातून गोचिड्या आणल्या. कानांत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत, तुरीच्या दाण्यांएवढ्या टम्म फुगलेल्या. तिने खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या.

गोठेवाल्याने म्हशींवर मारायची पावडर दिली. भिमाजी ती पुडी घेऊन आधी गुरांच्या दवाखान्यात विचारायला गेला, हे बरं झालं.

"बाबा, म्हैस अशी अंगभर चाटत नाही, मांजर चाटतं," कंपाउंडर म्हणाला. "ही टाकली तर मरेल. चिमट्याने कातडीजवळ धरा आणि सरळ ओढा. रोज. रक्त फार गेलंय, उशीर करू नका."

सांगायला काय जातंय? चिंगी हाताला लागेल तर ना! दोन दिवसांत भिमाजीचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. तिसऱ्या दिवशी ती ट्रंकेमागे जाऊन पडली. आता हीही जाणार, हे त्याला दिसलं. ट्रंकेत ठमाबाईचं एकच हिरवं लुगडं उरलं होतं. बाकीची सुनेने वाटून टाकली होती. त्याने ते काढलं, लेंग्यावरून कसंबसं गुंडाळलं, पदर खांद्यावर टाकला आणि मागच्या दारी पायरीवर जाऊन बसला.

बऱ्याच वेळाने चिंगी झोकांड्या खात बाहेर आली. लुगडं हुंगलं, मांडीवर चढली आणि गळा वर केला. त्या दुपारी एकोणीस गोचिड्या रॉकेलच्या वाटीत पडल्या.

मग रोज हेच. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शेजारची सुलाबाई तेवढी हसली नाही. भिमाजीला लाजही वाटली नाही. लाज वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

तीन आठवड्यांनी अंगभर चाचपूनही एक गोचीड सापडेना. चिंगी पोटभर दूध पिऊन भिंतीवर चढू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी भिमाजी लुगडं गुंडाळून पायरीवर बसलाच.

"गेल्या का सगळ्या?" सुलाबाईने भिंतीपलीकडून विचारलं.

"गेल्या."

"मग आता हे कशाला, भाऊ?"

"थंडी वाजतीय," भिमाजी म्हणाला.

वैशाखाचं ऊन होतं, पायरी भाजत होती. सुलाबाईने भिंतीवरची चिंगी उचलली आणि फाटकातून येऊन त्याच्या मांडीवर ठेवली. चिंगीने लुगडं एकदा हुंगलं, उडी मारली आणि गोठ्याकडे निघून गेली. भिमाजीने मांडीवरचा पदर दोन्ही मुठींत धरला, तोंडात कोंबला आणि सुलाबाईच्या देखत हमसून हमसून रडला.