हुडकोतल्या शामरावांची नागपूरची हवा

भिलाईच्या हुडको वसाहतीत राहणारे शामराव तिथल्या पोलाद कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण मनाने ते नागपूरच्या बाहेर कधी पडलेच नाहीत. दिवाळीचा चिवडा नागपूरचा, चष्मा नागपूरचा, जावई नागपूरचा. भिलाईत दाढ दुखली तरी उपटायला नागपूर! तेव्हा घर नव्याने बांधायला काढल्यावर हवाही त्यांनी तिथलीच मागवली, यात नवल ते काय?

पुतणी गीतांजली आर्किटेक्ट. तिने संगणकात घराचा नकाशा घातला. त्याला एखाद्या गावचं वर्षभराचं हवामान पुरवलं, की कुठली खोली किती तापेल हे बांधण्याआधीच कळतं.

"काका, इथलं हवामान घेते. गल्लीत वारा किती येतो, तेही मोजू."

"कावून? नागपूर नाही का त्याच्यात?"

"आहे ना. पण ते एअरपोर्टवर मोजलेलं. वहाँ तो खुला मैदान है, काका! आपल्या गल्लीत..."

"तेच टाक. आपल्याले मानवलेली हवा हाय ते."

संगणक बिचारा आज्ञाधारक. त्याने विमानतळाचा वारा हुडकोच्या गल्लीत सोडला आणि निकाल दिला: दक्षिणेला मोठी खिडकी ठेवा, झोपायची खोली मे महिन्यातही सुखाची. शामरावांनी नकाशात कूलरसाठी भिंतीत सोडलेली जागा तिथल्या तिथे खोडून टाकली.

"मले कूलर पाहिजे," शामरावांच्या पत्नी प्रेमलाकाकू म्हणाल्या. "नाही तर मी या खोलीत झोपणार नाही."

"अवं, कम्प्युटरात वारा येऊन राहिला ना!"

घर उभं राहिलं आणि मे आला. खिडकीसमोर शेजारच्या कमलिनीबाईंच्या तीन मजल्यांची भिंत. ती ओलांडून यायचं तर वाऱ्याला विमानाचंच तिकीट काढावं लागलं असतं. शामराव निकालाच्या कागदाने वारा घेत म्हणाले, "पाहा, कसं गार वाटून राहिलं."

काकूंनी उशी काखेत मारली. "तुम्ही खा नागपूरची हवा. मी चालली कमलिनीकडे. तिच्या घरी कूलर हाय."

संध्याकाळी शामरावांनी स्वतः वरण-भात केला. वरण करपलं, भात कच्चा राहिला. ताट तसंच ठेवून त्यांनी गीतांजलीला फोन लावला.

"इथलं हवामान टाकून पाहिलं, काका," ती म्हणाली. "कूलरसाठी आपली भिंत फोडावी लागेल."

सकाळी गवंड्याने छिन्नी-हातोडा चालवताच गल्ली गोळा झाली.

"काय शामराव, नवी भिंत कावून फोडून राहिले?"

"नागपूरच्या हवेले आत यायले रस्ता करून राहिलो."

कमलिनीबाईंच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "तिले म्हणा, येताना सुपेल्याच्या बाजारातून कूलर घेऊन ये. मग मीही येते!"