एकाच कप्प्यातल्या दोन गाचांबी

न्यागुथी रागावली की फ्रीजची दारं आपटते, हे नैरोबीच्या त्या लॅबमधल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. त्या आठवड्यात तर दारांची काही खैर नव्हती.

बावीस वर्षं ही बाई एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागलेली. पेशी आपला डीएनए उतरवून घेते तेव्हा चुका होतात, आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं मागोमाग फिरून त्या काढतात. तिची आई वामाइथा सिसलच्या वाखाची पिशवी विणताना चुकलेला धागा बोटाने हेरून उसवते ना, तशी. दुरुस्तीचं जनुकच बिघडलेलं वारशात आलं, तर ऐन उमेदीत आतड्याचा कॅन्सर गाठतो. परदेशातली चांगली नोकरी सोडून ती परतली, कारण जनुकांतल्या बदलांच्या तिथल्या याद्यांमध्ये आपली माणसंच नव्हती.

आता गाडं अडलं होतं गाथोनीपाशी. मुरांगाची ही शिक्षिका. तिची थोरली बहीण छत्तिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेली. दोघींच्या जनुकात एकच बदल सापडला, पण यादीत त्याच्यापुढे लिहिलेलं, 'अर्थ अज्ञात'. घातक ठरला तर गाथोनीची दरवर्षी दुर्बिणीतून तपासणी व्हायची, म्हणजे जगायची संधी. पुराव्याशिवाय कुणी डॉक्टर हात लावायला तयार नव्हता. तीन वर्षं ती दर महिन्याला फोन करी आणि न्यागुथी तेच सांगे, अजून कळलं नाही.

हाच बदल न्जोरोच्या एका ट्रक ड्रायव्हरमध्ये होता. त्याच्या घरातही चौघे आजारी. दोन्ही घरं एका मुळाची निघाली तर सगळे आजारी एकाच हिशोबात धरता येतील आणि पुरावा पक्का. पण वडिलांकडचं कूळ वेगळं, गाव वेगळं. संबंध काही लागेना.

रविवारी आईकडे ती ताटातलं मटार-बटाट्याचं इरिओ नुसतं चिवडत बसली. आईने विचारलं, त्या घरांतल्या मुलींची नावं काय?

"नावं नसतात गं. नियमच आहे. नंबर असतात."

वामाइथाने विणकाम खाली ठेवलं. "किकुयूची लेक तू, आणि नावं खोडून नाती शोधतेस? आपल्यात पहिली मुलगी बापाच्या आईच्या नावाची, दुसरी आईच्या आईच्या. एवढी शिकलीस ती हे विसरायला?"

न्यागुथी ताटावरून उठलीच. लॅबचं कुलूपबंद कपाट उघडून तिने नावांसकट भरलेले जुने फॉर्म काढले. गाथोनीची वारलेली बहीण, घरातली दुसरी मुलगी, गाचांबी. म्हणजे तिच्या आईची आई गाचांबी. ड्रायव्हरची पहिली मुलगी, गाचांबी. म्हणजे त्याची आई गाचांबी. इतकं विरळ नाव! गाथोनीची आजी आणि ड्रायव्हरची आई दोन सख्ख्या बहिणींच्या मुली असतील, एकाच आजीचं नाव मिळालेल्या. आणि हे कागद तीन वर्षं एकाच कप्प्यात पडून होते! तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

गाथोनीच्या आजीची धाकटी बहीण अजून हयात होती. ती फोनवर म्हणाली, आमची मावशी नवऱ्याबरोबर न्जोरोला गोऱ्याच्या मळ्यावर गेली, ती पुन्हा दिसलीच नाही.

दोन महिन्यांत दोन्हीकडच्या एकोणीस जणांचं रक्त तपासून झालं. आजारी नऊच्या नऊ जणांत तो बदल होता. लॅबमध्ये नाच सुरू झाला, न्यागुथी सगळ्यांच्या पुढे. तेवढ्यात गाथोनीचा महिन्याचा फोन आला, आणि न्यागुथीचे पाय जागीच थांबले.

"गाथोनी, कळलं. तो बदल घातक आहे."

नाचाचा गलका पलीकडे गाथोनीलाही ऐकू जात होता.

"मागे कोण नाचतंय, डॉक्टर?"

"आमची पोरं. थांबवते त्यांना."

"नाचू द्या. तीन वर्षं नुसती टांगून होते मी. आता तपासणीची तारीख सांगा."

तपासणीत राजम्याच्या दाण्याएवढी गाठ निघाली. कॅन्सर व्हायच्या आधीच ती काढून टाकली. आठवड्याभरात गाथोनी बसने न्जोरोला पोचली. ड्रायव्हरच्या थोरल्या मुलीतही तो बदल होता, पण तपासणीच्या भीतीने ती घराबाहेर पडत नव्हती. ती दारात आली. बहीण गेल्यापासून गाथोनीने या नावाने कुणाला हाक मारली नव्हती.

"गाचांबी, चप्पल घाल," ती म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."