घराच्या फटी बुजवताना

थेरगावात आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, पश्चिमेकडे तोंड करून. मार्चपासून छत तापायला लागतं आणि ऊन उतरलं तरी भिंतीला हात लाववत नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवऱ्याने सासऱ्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांनी एसी मागितला नव्हता. त्या दिवसांत ते काहीच मागत नसत.

मामांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर गेली. निवृत्तीनंतर ते आणि आत्या दिवसभर एकमेकांच्या सोबतीला असत. आत्या बोलायच्या, मामा हुंकार द्यायचे. आत्या गेल्यावर हुंकारही थांबला. नवरा सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जातो, मी शिकवते ती शाळा दुपारी सुटते. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. वाढू का, पुरे, यापलीकडे आमच्यात बोलणं नसे.

एसी आला तरी खोली गार होईना. मशीन नुसतं घरघरत राही. मेकॅनिक येऊन बघून गेला.

"मशीनला काही नाही झालेलं, मॅडम. तुमची गार हवा बाहेर चाललीय आणि गरम आत येतीय. खिडक्या बघा, कशा खुळखुळतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उदबत्ती पेटवली, पंखा बंद केला आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेकडेने ती फिरवू लागले. मामा पलंगावरून बघत होते.

"काय करती गं?"

"फटी शोधतेय. जिथं हवा येत-जात असेल तिथं धूर वाकतो."

"आमी साबणाचं पानी लावायचो पाइपाला. बुडबुडा आला की समजायचं, गळतंय."

एवढं सलग ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते. मग उठून आले. "आन इकडं. तुजा हात हालतोय."

ते उदबत्ती धरत आणि मी खडूने खुणा करी. सरकत्या काचांच्या मधे, दाराच्या खाली, एसीचा पाइप भिंतीतून जातो त्या भोकाभोवती. संध्याकाळी आम्ही डांगे चौकाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून फोमची टेप, सिलिकॉनची नळी आणि दाराखाली लावायची रबराची पट्टी आणली. मामांनी हट्टाने जाड टेप घेतली. ती लावल्यावर खिडकी सरकेचना. सगळी सोलून काढून गोंद खरवडण्यात एक दुपार गेली. "पातळ पायजे हुती," ते म्हणाले.

एका खिडकीपाशी मात्र काम अडलं. आत्यांनी रुमाल-टॉवेल वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधली होती. एक टोक आतल्या खिळ्याला, दुसरं खिडकीतून बाहेरच्या ग्रिलला. त्या दोरीमुळे ती काच कधीच पुरती लागत नसे. उदबत्ती तिथे नेली तशी धुराची रेघच्या रेघ आत वळली.

"राहू दे, मामा. तिथं कापड कोंबू."

"कापडानं काय हुतंय?" असं म्हणून ते पलंगावर जाऊन बसले.

मी चहा करायला गेले. परत आले तेव्हा ते उभं राहून आतली गाठ सोडवत होते. आत्यांची गाठ घट्ट असे. नखांनी सुटेना, पण त्यांनी कात्री मागितली नाही आणि मीही दिली नाही. चहा गार झाला. शेवटी गाठ सुटली.

"दोर चांगला हाय अजून," ते म्हणाले. "भायेर बांधू."

ग्रिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही ती बाहेरच बांधली. मग त्यांनी काच ओढली. ती पहिल्यांदाच चौकटीला भिडली. काचेवर तळवे टेकून ते थोडा वेळ उभे राहिले. मी चहा पुन्हा गरम करून आणला.

स्वयंपाकघरातली फट त्यांनी बुजवू दिली नाही. "गॅस हाय तितं. हवा खेळती ऱ्हाऊ दे." सोसायटीची परवानगी काढून आमच्या डोक्यावरच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंगही मारून घेतला. रंग वाळला त्या संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा एसी मधे मधे आपोआप बंद होत होता, खोली गार झाल्यामुळे.

"काय केलंत काय?" त्याने विचारलं.

"भोकं बुजवली," मामा म्हणाले.

पण पुढचे काही दिवस ते कुरकुरत होते. रस्त्याचा, भाजीवाल्याचा आवाज येईना, कानात दडे बसल्यासारखं होतंय म्हणाले. शेवटी त्यांनीच तोड काढली. सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, ऊन वर आलं की लावायच्या. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

समोरच्या फ्लॅटमध्ये लातूरकडच्या एक वहिनी राहतात. एकदा त्या आमच्या खोलीत येऊन बसल्या आणि उठेचनात. जाताना म्हणाल्या, "काका, आमची बी रूम बघा की."

मामा उदबत्ती आणि काडेपेटी घेऊन गेले. त्यांच्याकडून वहिनींच्या बहिणीकडे, तिच्याकडून खालच्या मजल्यावर. परवा नव्या भाडेकरूंकडे गेले ते जेवायच्या वेळेलाही परतले नाहीत. मी बोलवायला गेले तर खुर्चीवर उभे राहून ते त्या माणसाला म्हणत होते, "ही टेप न्हाई चालायची, भावा. लई जाड हाय."

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि जेवून घेतलं.