विहिरीतून काढलेली सायकल

पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी वडिलांसमोर चहाचा कप धरून उभा होतो, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमी कुठले?" मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी कप घेतला, "लई उपकार झाले" म्हणाले आणि पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत राहिले. आठवण हळूहळू जात राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या बायकोला ते कधी आक्का म्हणत, कधी सूनबाई. माझ्यासाठी मात्र त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. त्या दिवसापासून देवघरासमोर उभं राहिलो तरी माझ्या मनात काही उमटेना. बायको दिवा लावायची आणि मी चपला घालून दुकानाकडे निघून जायचो. केदारखेड्यात माझं मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उघडायच्या, तारा भरायच्या, संध्याकाळी घरी यायचं. त्या दिवसांत यापलीकडे मी काही करत नव्हतो.

वडील पोस्टात होते. आसपासच्या गावांत सायकलवर टपाल वाटायचे. ती सायकल आजोबांच्या काळातली, विलायती, काळ्या रंगाची, दांड्याच्या ब्रेकची. संकष्टीला ते भल्या सकाळी तिच्यावरून राजूरच्या गणपतीला जायचे आणि लहानपणी मला पुढच्या नळीवर बसवून न्यायचे. बारावी झाल्यावर मला औरंगाबादला तंत्रनिकेतनात शिकायचं होतं. वडील नको म्हणाले. पोस्टात चिकटवतो, घरचं बघ, म्हणाले. आठ दिवस घरात भांडण चाललं. शेवटी एका दुपारी मी ती सायकल ओढत मळ्यात नेली आणि विहिरीत ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोर लावून ती वर काढली. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा मुळाशी तुटला होता. त्यांनी सायकल पुसली आणि गोठ्यात आढ्याला टांगली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते, मारलं असतं, तर बरं झालं असतं. टपालासाठी त्यांनी दुसरी सायकल घेतली, पण राजूरला मात्र त्यानंतर ते पायीच जात. मीही माफी मागितली नाही. शिकायलाही गेलो नाही. लग्न झालं, मुली झाल्या, त्या सासरी गेल्या. आम्ही बापलेक एका घरात राहिलो, ताटाला ताट लावून जेवलो आणि त्या दिवसाबद्दल दोघांनीही कधी तोंड उघडलं नाही. राजूर इतकं जवळ असून मी पुन्हा त्या देवळाची पायरी चढलो नाही.

आणि आता ते रोज सकाळी विचारू लागले होते, "सायकल कुठंय? राजूरला जायचंय." बायको त्यांना समजवायची. मी गप्प बसायचो. शेवटी एका रविवारी मी गोठ्यातली सायकल खाली उतरवली. खरं सांगायचं तर ते केवळ वडिलांसाठी नव्हतं. ती उभी राहिलेली बघून त्यांना मी आठवेन, एक क्षण तरी, आणि त्या क्षणात मला माफी मागून घेता येईल, असा माझा हिशेब होता.

गंज घासला, आरे बदलले, छर्रे भरले, ब्रेकचे दांडे सरळ केले. चेन आणि पायडल जालन्याच्या जुन्या बाजारात मिळाले. अडलं ते चिमट्यापाशी. जुन्या सायकलीच्या पेचाचे आटे वेगळे असतात, आजचा चिमटा त्यात फिरतच नाही. लेथवाल्याने एक बनवून दिला, तो आठ दिवसांत वाकला. परतूरला पूर्वी भाड्याने सायकली देणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे रेल्वेने दोनदा गेलो. त्यांनी माळ्यावरची सगळी रास उपसून दाखवली. "चार सालं आधी आले असते तर होता बघा," ते म्हणाले, "भंगारात देऊन टाकला." भोकरदन, सिल्लोड, सगळीकडे हिंडलो. कार्तिक सरला. वडिलांना न्यूमोनिया झाला. ते दवाखान्यातून परत आले तेव्हा खांद्यांची हाडं सदऱ्यातून दिसत होती. आता ते सायकलबद्दलही विचारेनासे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार फिरवू नका, घरीच सांभाळा.

त्याच आठवड्यात कुणीतरी जाफराबादच्या एका दुकानदाराचं सांगितलं. मी एसटीने गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, मालक वारले, पोरं पुण्याला, माल केव्हाच विकला. बसस्टँडवर बसलो तेव्हा मनात आलं, देवाला मी तोंड दाखवलं नाही, आता तो तरी का दाखवेल. परतीची बस चुकली. जीपमध्ये दाटीवाटीने बसलो, आणि तीही भोकरदनच्या अलीकडे पंक्चर झाली.

ड्रायव्हर चाक खोलत होता. मी रस्त्याकडेला उतरलो. कापणी झालेल्या रानात धनगरांचा वाडा, मेंढरांसकट, मुक्कामाला बसला होता आणि तो उठायच्या तयारीत होता. घोड्यावर बाज, भांडी, पालाचे बांबू बांधणं चाललं होतं. बाभळीला एक सायकल टेकवलेली होती. मागचं चाक नव्हतं, सीट नव्हती. पुढचं चाक गंजून लाल झालेलं. मी जवळ गेलो. चिमट्याच्या वरच्या टोकाला कंपनीचे तेच ठसे होते, जे मी महिनाभर घासून घासून पाठ केले होते.

एक म्हातारी बाई गाठोडं बांधत होती. मी विचारलं, "मावशी, ही कुणाची?"

"आमच्या मालकाची व्हती. ते गेले. तवापासनं कुनी हात लावला न्हाई."

एवढंच म्हणालो, वडिलांकडे अशीच होती, मोडली, ते आता फार आजारी आहेत.

"चालवनार हायत का ते?"

"न्हाई. बघतील फक्त."

तिने गाठोड्याची गाठ आवळली. "मंग न्या. आम्ही आत्ता निघून राह्यलो. हिला हितंच ठिवून जायचं ठरल्तं, पर मन न्हवतं होत. कुनाच्या तरी दारात ऱ्हाईल, बराबर झालं."

मी खिशात हात घातला तर ती मान हलवून दुसरीकडे बघू लागली. पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, तो पुढे केला. म्हणाली, "आज संकष्टी हाय. मला उपास. त्या घोड्याजवळच्या पोरीला द्या." मी हिशेब करत बसलो. मला तो दिवस कोणता आहे हे माहीतच नव्हतं. चाक बसवून जीप हॉर्न देऊ लागली. सायकल टपावर बांधली आणि जीप निघाली. मागे वळून पाहिलं तेव्हा मेंढरं रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात उतरत होती.

चिमटा बसला. आटे असे फिरले, जणू त्याच सायकलीचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना ओट्यावर आणून बसवलं, अंगावर शाल घातली आणि सायकल त्यांच्यासमोर उभी केली. त्यांनी हँडलवरून हात फिरवला. घंटी वाजवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली ठिवली. तुमची हाय का?"

मी खाली बसलो. चार महिने ज्यासाठी हिंडलो ते होणार नव्हतं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. मी म्हणालो, "हो, माझीच."

त्यांनी पुन्हा एकदा घंटी वाजवली. मग आपणहून सुरू झाले, पाहुण्याशी बोलावं तसं.

"माझ्याकडं बी अश्शीच व्हती. पोरानं हिरीत टाकली."

मी मान वर केली नाही.

"पोरगं वाईट न्हवतं. शिकायला जातो म्हनत व्हतं. म्या आडवा पडलो. भ्या वाटलं, गेलं तर येतं का न्हाई वापस. एकच पोरगं." ते दम खाऊन थांबले. "सायकल वर काढली तवा त्याला म्हनायचं व्हतं, जा बाबा, शीक. तोंडातून निघालंच न्हाई. उद्या म्हनू, परवा म्हनू. मंग लई दिस झाले."

"अजून रागावलेत का त्याच्यावर?" मी विचारलं.

"त्याच्यावर कशाला? माझंच चुकलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी फिरता मानूस दिसता. कुठं भेटला तर सांगाल का त्याला?"

"सांगतो," मी म्हणालो.

मुलाला ते हे कधीच सांगू शकले नसते आणि मलाही ते ऐकायचं धाडस झालं नसतं. त्यांनी मला ओळखलं असतं, तर आम्ही दोघं पुन्हा गप्प बसलो असतो. ज्या दुःखामुळे मी देवाकडे पाठ फिरवली होती, त्याच्याच आडून माझ्यापर्यंत हे आलं. ते कसं आलं, कुणी आणलं, यावर मी वाद घालणार नाही. माझी तेवढी लायकी नाही. त्या मावशीला शोधायला मी नंतर दोनदा त्या रानात गेलो. तिथे हरभरा उभा होता. वाडा कुठे गेला, कुणालाच सांगता आलं नाही.

वडील माघात गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना न्हाऊ घालायचो, घास भरवायचो, आणि ते परक्याचे मानावेत तसे माझे आभार मानायचे. सुरुवातीला ते फार टोचायचं. नंतर मी काही मिळावं म्हणून करणं सोडलं आणि हात हलके झाले. सुतकाचे दिवस सरल्यावर इतक्या वर्षांनी पुन्हा राजूरला गेलो. रांगेत तासभर उभा होतो. समोर आलो तेव्हा काय मागायचं ते सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचं वाईटही वाटलं नाही. मागून कुणीतरी पुढे सरका म्हणालं. मी डोकं टेकवलं आणि सरकलो.